संगीन एकाची, म्यान दुसऱ्याचे

नाव : अच्युत विनायक सोवनी
वय : ५७ वर्षे
धंदा : स्थानिक साप्ताहिकाचा वार्ताहर. शिक्षण संस्कृत न्यायशास्त्राचे, पुण्यास. त्याचा या गावात अद्याप कोणी उपयोग करून घेतलेला नाही.
राहणार : चॅपल लेन, स्केलबी, यॉर्कशर.

समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे :

मी वरील पत्त्यावर सव्वीस वर्षे राहतो. मला इंग्रजी येते. तरीही मातृभाषेत जबाब देण्याची सवलत मी मागून घेतली, कारण पुढच्या मजकुरात दोन वयस्क, सुशिक्षित आणि कर वेळेवर भरणाऱ्या माणसांना मूर्ख म्हणावे लागणार आहे, आणि हे काम परक्या भाषेत केले की उगाच सभ्य होऊन बसते. दुभाषी म्हणून सौ. सांबरे लीड्सहून आल्या आहेत. त्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. मला त्यांचा हेवा वाटतो.

दोन्ही पक्ष माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. फिर्यादी वॉल्टर ओल्डरॉइड, वय शहात्तर, हे नगरपालिकेच्या गटार खात्यातून निवृत्त झाले. ज्यांच्याविरुद्ध फिर्याद आहे ते डेस्मंड पिकर्सगिल, वय त्र्याहत्तर, यांनी जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवली. वॉल्टर यांची पत्नी एनिड ही डेस्मंड यांची थोरली बहीण. म्हणजे दोघे एकमेकांचे मेहुणे. एनिड गेल्या आठवड्यात वारल्या. फिर्यादीतला प्रकार त्यांच्या अंत्यविधीनंतरच्या चहापानाच्या वेळी, वॉल्टर यांच्या घरी, वरच्या मजल्यावर घडला.

दोघेही संगिनी जमवणाऱ्यांच्या एका मंडळाचे सभासद आहेत. मंडळ महिन्यातून एकदा ‘ब्लॅक रॅम’ या गुत्त्याच्या मागच्या खोलीत भरते आणि त्याचा वृत्तान्त मी साप्ताहिकात लिहितो. त्याबद्दल मला चहा मिळतो. संगीन म्हणजे गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या टोकाला लावून समोरच्या माणसाच्या पोटात खुपसायचा सुरा. ही गोष्ट मंडळात कोणी बोलत नाही. तिथे बोलणे चालते ते मुठीच्या स्क्रूविषयी, पात्यावर उमटवलेल्या राजमुकुटाविषयी आणि आकडीविषयी. १९०७ सालच्या नमुन्याच्या ब्रिटिश संगिनीला सुरुवातीला मुठीपाशी एक वाकडी लोखंडी आकडी असे. पुढे सरकारला ती बिनकामाची वाटली, म्हणून कापून टाकण्याचा हुकूम निघाला. ज्या काही संगिनींची आकडी चुकून कापायची राहिली, त्या आता मंडळाची कुलदैवते आहेत. त्यांच्यासमोर पांढरे सुती हातमोजे घालून बसलेले, कधीही पलटणीत न गेलेले वृद्ध गृहस्थ मी पाहिले आहेत. बारशाला बाळही इतक्या जपून हातात घेत नाहीत.

एका सभासदाने साध्या संगिनीला नवी आकडी डाग देऊन जोडली आणि ती एक हिवाळाभर परसातल्या खतात पुरून ठेवली. बाहेर काढली तेव्हा तिचे वय शंभर वर्षांनी वाढले होते. लबाडी उघडकीस आल्यावर त्याला मंडळातून काढण्यात आले. पुढे त्यालाच परीक्षक म्हणून परत बोलावले, कारण खोटे ओळखण्याचा इतका अनुभव दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. हे मी मंडळाच्या बुद्धीची कल्पना यावी म्हणून सांगतो. त्या सभासदाचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मंडळाच्या काही रीती मात्र या प्रकरणाशी संबंधित आहेत. पहिली अशी की, पाते घासायचे नाही. त्यावरचा तांबूस काळा थर हे हत्याराचे आयुष्य आहे असे मानतात. घासणारा माणूस त्यांच्या दृष्टीने खाटकापेक्षा वाईट. वॉल्टर या मताचे कडवे अनुयायी आहेत. दुसरी, म्यानाच्या चामड्याला तेल लावायचे नाही. तेलाने शिवण कुजते. डेस्मंड या मताचे आचार्य समजले जातात. तिसरी रीत अशी की, दुसऱ्याला संगीन द्यायची असेल तर मूठ त्याच्याकडे करून द्यायची. ज्याच्याकडे मूठ केली त्याने ती हातात घ्यायची, नाहीतर देणाऱ्याचा अपमान होतो. या तिसऱ्या रीतीकडे पोलिसांनी लक्ष द्यावे. तिचे काम पुढे पडणार आहे.

दोघांच्या वैराची हकीकत मला एनिड यांनी सांगितली, ती अशी. बऱ्याच वर्षांपूर्वी थॉर्नवेल येथे जुन्या शस्त्रांचा बाजार भरला होता. तिथे हे तिघे डेस्मंड यांच्या मोटारीतून गेले. एकाच विक्रेत्याच्या दोन वेगवेगळ्या खोक्यांतून वॉल्टर यांनी आकडीची एक नागडी संगीन उचलली आणि डेस्मंड यांनी एक रिकामे म्यान. परतताना मोटारीत दोघांनी आपापली खरेदी एकमेकांना दाखवली. मुठीवर एका पलटणीची खूण आणि क्रमांक ४१७ होता. म्यानाच्या तोंडाच्या लोखंडी पट्टीवर तीच खूण आणि तोच क्रमांक. शिपायाची जोडी हरवू नये म्हणून पलटणीत दोन्हींवर एकच क्रमांक ठोकत. शंभर वर्षे ताटातूट झालेली जोडी मोटारीच्या पुढच्या दोन आसनांवर येऊन बसली होती.

मंडळाच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. साधारण बुद्धीचा माणूस अशा वेळी हसला असता. वॉल्टर म्हणाले, “दे ते इकडं. रिकाम्या म्यानाचं तू काय लोणचं घालणार आहेस?” डेस्मंड म्हणाले, “तूच दे पातं. नागड्याला अब्रू नसते, वॉल्टर, कापड ज्याचं त्याची इज्जत.” मग अदलाबदलीची बोलणी झाली, मग आवाज चढले, मग गप्प झाले. मागच्या आसनावर एनिड होत्या. त्यांनी फ्लास्क उघडून चहा कोणाला हवा आहे का म्हणून विचारले. मग तो एकट्याच प्यायल्या. वॉल्टर आपल्या फाटकाशी उतरले. त्यानंतर हे दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले.

संबंध मात्र तुटला नाही, कारण तो एनिड यांनी तुटू दिला नाही. दर गुरुवारी त्या एका पत्र्याच्या डब्यात मनुक्यांचा पाव घेऊन भावाकडे जात. निरोप त्यांच्यामार्फत चालत. “सांग त्याला, मंडळाची वर्गणी भरायची राहिलीय.” “सांग त्याला, भरलीय, आणि त्याचं मफलर माझ्याकडं राहिलंय ते मी देणार नाही.” मंडळाच्या सभेत दोघे खोलीच्या दोन टोकांना बसत आणि एकमेकांच्या मताचे खंडन अध्यक्षांकडे पाहून करत. एनिड मला एकदा म्हणाल्या होत्या, “एकाकडं जीभ आहे, एकाकडं तोंड आहे, आणि दोघं मिळून एक वाक्य बोलत नाहीत.” संगिनीविषयी मी इतक्या वर्षांत ऐकलेले अर्थपूर्ण असे हे एकच विधान. ते मंडळाच्या वृत्तान्तात छापता आले नाही.

४१७ क्रमांकाचा शिपाई कोण होता, तो घरी परतला की कुठल्या चिखलात राहिला, याची चौकशी दोघांपैकी एकानेही केली नाही. मी एकदा वॉल्टर यांना विचारले. ते म्हणाले, “त्यानं काय फरक पडतो? वस्तू तर परत जमा झालीय ना?”

एनिड इस्पितळात असताना दोघे आळीपाळीने भेटायला जात. वेळा एनिड यांनीच वाटून दिल्या होत्या, म्हणजे जिन्यात गाठ पडायला नको. शेवटच्या दिवशी वाटणी चुकली आणि दोघे एकाच वेळी आले असे मला नर्सकडून कळले. त्या वेळी काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. एनिड त्या वेळी बोलू शकत होत्या की नाही, हेही मला माहीत नाही.

अंत्यविधी शुक्रवारी सकाळी चॅपलमध्ये झाला. वॉल्टर डावीकडच्या पहिल्या बाकावर होते, डेस्मंड उजवीकडच्या. मधल्या वाटेवर शवपेटी होती. प्रार्थनेनंतर सर्व मंडळी चहाला वॉल्टर यांच्या घरी गेली. डेस्मंडही आले. बरीच वर्षे त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, पण ते मयताचे सख्खे भाऊ असल्यामुळे त्यांना कोणी अडवू शकत नव्हते. हॅम, अंड्याचे सँडविच आणि मनुक्यांचा पाव मांडलेला होता. पाव बेकरीतून आणलेला होता. दोघांनीही त्याला हात लावला नाही.

दिवस उबदार असूनही डेस्मंड यांनी लांब ओव्हरकोट काढला नाही. पाद्रीबाबांनी दोनदा खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत. भिंतीशी ताठ उभे राहून डाव्या हातात बशी धरली होती, आणि उजवा हात कोटावरून बरगडीशी दाबलेला. माणूस शोकाने ताठ झाला आहे असे मला वाटले व मी तसे शेजारच्या बाईंना म्हणालोही. तो माझा भाबडेपणा होता. कोटाच्या आत म्यान होते. म्यान वाकत नाही, म्हणून ते घालणाराही वाकत नव्हता.

इथे एक गोष्ट नमूद करतो, कारण समोर राहणाऱ्या मिसेस क्लेग यांनी पोलिसांना फोनवर सांगितले की एक इसम कोटाखाली तलवार घेऊन घरात शिरला. डेस्मंड यांच्या कोटाखाली तलवार नव्हती आणि संगीनही नव्हती. एक रिकामी चामड्याची पिशवी होती. रिकामे म्यान घेऊन रस्त्याने चालणे हा या देशात गुन्हा असेल तर चष्म्याचे रिकामे घर खिशात ठेवणाऱ्या मलाही अटक व्हावी.

चहाची किटली दुसऱ्यांदा फिरली त्या सुमारास डेस्मंड दिवाणखान्यात दिसेनासे झाले. थोड्या वेळाने मी वर गेलो. घरातले एकमेव शौचालय वर आहे. माझ्या जाण्याचे दुसरे कोणतेही कारण नव्हते. शौचालयाच्या शेजारची खोली पूर्वी एनिड यांची शिवणकामाची होती. पुढे तिथे वॉल्टर यांचे संगिनींचे काचेचे कपाट आले आणि शिवणयंत्र बाहेर, जिन्याच्या माथ्यावर गेले. एनिड इतकी वर्षे तिथेच, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाट देत, शिवत बसत. त्यांचे चौकोनी टेबल तेवढे आत राहिले होते.

खोलीचे दार सताड उघडे होते. आत डेस्मंड उभे होते. त्यांच्या हातात ४१७ क्रमांकाची संगीन होती, आणि ती ४१७ क्रमांकाच्या म्यानात होती.

मी काय करता आहात असे विचारले नाही, कारण ते दिसत होते. आजच का, एवढेच विचारले. डेस्मंड म्हणाले, “ती होती तोवर घाई नव्हती.”

इतक्यात वॉल्टर माझ्या मागे येऊन उभे राहिले. दाराच्या चौकटीत त्यांच्या आणि डेस्मंड यांच्या मधोमध मी सापडलो. पुढचे संभाषण माझ्यामार्फत झाले, म्हणून ते मला शब्दशः आठवते. डेस्मंड माझ्याकडे बघून म्हणाले, “सांग त्याला, बसली. पाचर मारल्यासारखी बसली.” वॉल्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “सांग त्याला, बघितली. आता काढ म्हणावं.” मी निरोप दोन्हीकडे पोचवले, अंतर हातभर असूनही. एनिड यांची जागा रिकामी झाल्याबरोबर तिच्यावर माझी नेमणूक झाली आहे हे मला त्या वेळी कळले, आणि ती मला मान्य नव्हती हे इथे नोंदवून ठेवावे.

डेस्मंड यांनी संगीन काढण्याचा प्रयत्न केला. ती निघाली नाही. पुन्हा प्रयत्न केला. निघाली नाही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले त्याचे वर्णन करण्याचे मी टाळतो.

कारण उघड होते, पण ते उघड होण्यासाठी मंडळाच्या बाहेरचे डोके लागते. वॉल्टर यांनी पात्यावरचा गंज धर्म म्हणून जपला होता, त्यामुळे पाते कानशीसारखे खरखरीत. डेस्मंड यांनी चामड्याला तेलाचा थेंब लागू दिला नव्हता, त्यामुळे म्यान शंभर वर्षे वाळून आत आकसलेले. शिवाय पाते घट्ट धरून ठेवायला म्यानाच्या तोंडाशी आतून पोलादी जिभा. दोघांपैकी एकाने जरी आपला धर्म थोडा बुडवला असता तरी संगीन सुटली असती. दोघेही निष्ठावंत, म्हणून ती अडकली. इतकी वर्षे ज्या जोडीसाठी भांडले ती जोडी एकदा तरी जुळते का, हे करून बघावे असे कोणाच्याही मनात आले नव्हते.

वॉल्टर पुढे झाले. त्यांनी मूठ धरली, डेस्मंड यांनी म्यान धरले, आणि दोघे ओढू लागले. मी खिडकीकडे सरकलो. फिर्यादीत याला झटापट म्हटले आहे. मी पाहिले ते असे : वॉल्टर यांचा एक पाय टेबलाच्या पायाला लावलेला होता, डेस्मंड यांचा कपाटाच्या कडेला. दोघांचेही गुडघे या कामाच्या लायकीचे राहिलेले नाहीत. कोणी कोणाला मारले नाही, धमकावले नाही. बोलणे झाले ते असे.

“हळू ओढ, मूर्खा, टाके उसवतील.”

“तू गप. तुझं कातडं माझं पातं खरवडतंय.”

“डावीकडं झुकव. डावीकडं. तुझी डावी वेगळी आहे का?”

“गाडी शिकवतोयस का मला?”

“शिकवली असती, पण तुला कधी आलीच नाही.”

या संभाषणात ‘सांग त्याला’ हे शब्द नव्हते. माझ्या लक्षात आले. त्यांच्या आले नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. समोर मिसेस क्लेग पडदा बाजूला करून आमच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या कानाला फोन होता.

काही वेळाने वॉल्टर थांबले. मूठ सोडली नाही, फक्त ओढायचे थांबले. म्हणाले, “एनिडनं लोणी लावलं असतं.”

डेस्मंडही थांबले. खाली कपबशा वाजत होत्या. वॉल्टर ती जोडी मांडीवर घेऊन टेबलाशेजारच्या एनिड यांच्या खुर्चीवर बसले. डेस्मंड यांनी ओव्हरकोटाची बटणे उघडली, कोट काढला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून उभे राहिले. वॉल्टर यांनी कपाटाच्या दाराकडे बोट केले. डेस्मंड यांनी कोट तिथे अडकवला. मला वाटते, आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर हा जबाब देण्याची वेळ आली नसती. पण मिसेस क्लेग या कर्तव्यदक्ष नागरिक आहेत, आणि आपले पोलीस तत्पर आहेत.

कॉन्स्टेबल शटलवर्थ बाई वर आल्या तेव्हा त्यांच्यामागे जिन्यावर सगळे गणगोत बशा घेऊन उभे होते. बाईंनी वस्तू खाली ठेवायला सांगितली. ती ठेवली गेली. मग त्यांनी कर्तव्य म्हणून विचारले की ही वस्तू कोणाची. यात बाईंचा दोष नाही. पण जगात इतके प्रश्न असताना नेमका हाच विचारला गेला. वॉल्टर खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “माझी आहे. हा चोरून माझ्या घरात शिरला. कपाट फोडलंय यानं.” डेस्मंड म्हणाले, “पोरी, कपाट कसलं फोडतोय? माझं म्यान यानं गिळलंय. माझी उलट तक्रार लिहून घे.” जिन्यावर कोणीतरी खोकले. पाद्रीबाबांनी हॅमची बशी खाली ठेवली.

तेव्हापासून दोघांनीही माघार घेतलेली नाही. डेस्मंड यांच्यावर घरफोडीचा खटला होऊ शकतो आणि या वयात ते कोर्टात उभे राहू शकतात, असे मला आज सांगण्यात आले. वॉल्टर यांना मूलबाळ नाही. डेस्मंड यांचे लग्न झाले नाही. एकमेकांखेरीज दोघांना कोणी उरलेले नाही, आणि एक दुसऱ्याला तुरुंगात घालण्याच्या तयारीत आहे. याला मी मूर्खपणा म्हणतो. सौ. सांबरे यांनी याहून सौम्य शब्द सुचवला. तो मी नाकारला.

डेस्मंड यांनी कपाट फोडले काय, असे मला विचारण्यात आले. माझे उत्तर असे. कपाटाचे कुलूप फोडलेले नव्हते. ते उघडे होते आणि कडीला नीट लटकत होते. कुलपाची किल्ली वॉल्टर यांच्या पट्ट्याच्या साखळीला असते आणि ती त्यांच्याबरोबर स्नानालाही जाते. त्या दिवशीही ती साखळीलाच होती, मी ती पाहिली. कपाटातल्या बाकीच्या सर्व संगिनी आपापल्या जागी होत्या. फक्त ४१७ ची जागा रिकामी होती. टेबलावर एक पांढरा कपडा अंथरलेला होता आणि त्यावर लांब वस्तू ठेवल्याचा ठसा उमटलेला होता. कपड्यावर तांबूस गंजाची भुकटी पडली होती, ती भिंतीकडच्या टोकाला. म्हणजे पाते भिंतीकडे होते आणि मूठ दाराकडे. घरातून कोणी वर येणार असेल तर तो त्या दारातूनच येणार. मूठ कोणाकडे करतात आणि का करतात, ते मी वर सांगितले आहे.

त्या सकाळी कपाट कोणी उघडले हे मी पाहिलेले नाही. त्यावरून अनुमान काढणे साक्षीदाराचे काम नाही असे शटलवर्थ बाईंनी मला बजावले आहे. न्यायशास्त्रात मी अनुमान याच प्रकरणात उत्तम गुणांनी पास झालो होतो, तरीही मी अनुमान काढत नाही. ज्याला डोळे आहेत त्याने काढावे. वॉल्टर यांना तर अनुमानाचीही गरज नाही.

वस्तू कोणाची, हेही मला विचारण्यात आले. आमच्या शास्त्रात एक जुना थट्टेचा प्रश्न आहे : तूप भांड्याच्या आधाराने आहे, की भांडे तुपाच्या? एका पंडिताने खात्री करून घेण्यासाठी भांडे उलटे केले, आणि त्याला उत्तर मिळाले. तूप मिळाले नाही. हा दाखला जबाबात घ्यायची गरज नाही असे बाईंचे म्हणणे पडले. तो माझ्या आग्रहावरून घेतला आहे. वस्तू पोलिसांनी ताब्यात घेऊन लांब पिशवीत घातली आहे व पिशवीवर ‘एक नग’ असे लिहिले आहे. यावर दोघांनीही लेखी हरकत घेतली असून दोघांच्याही मते तो नग एक नसून दोन आहेत. गेल्या कित्येक वर्षांत दोघांचे एकमत झालेले मला माहीत आहे ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

माझी विनंती अशी की, पोलिसांनी वस्तू ओढू नये, तिला तेल किंवा लोणी लावू नये, कोणा तज्ज्ञाकडे पाठवू नये, आणि मंडळाच्या कोणाही सभासदाला तर हातही लावू देऊ नये. पिशवीवर लिहिले आहे तेच राहू द्यावे. परत करायची झाल्यास दोघांनी एकत्र येऊन, एकाच वेळी सही केल्याखेरीज करू नये. तसा नियम नसेल तर तो आहे असे सांगावे.

आज गुरुवार. जबाब देण्यासाठी मी ठाण्यावर आलो तेव्हा बाहेरच्या बाकावर वॉल्टर व डेस्मंड बसलेले होते. दोघांपैकी कोणालाही आज बोलावलेले नव्हते असे मला बाईंकडून कळले. ‘एक नग’ या शब्दांवरच्या हरकतीचे काय झाले हे विचारायला आपण आलो असे प्रत्येकाने मला वेगवेगळे सांगितले. वॉल्टर यांच्या मांडीवर एनिड यांचा पत्र्याचा डबा होता. डब्यात काय आहे हे मी विचारले नाही, आणि पोलिसांनीही तो उघडून पाहिलेला नाही. दोघे समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांच्या मध्ये एका माणसापुरती जागा मोकळी होती.

डेस्मंड मला म्हणाले, “बस की.”

मी तिथे बसलो नाही. उभाच राहिलो.

यापलीकडे मला सांगायचे नाही. वरचे सगळे सौ. सांबरे यांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवले. ‘मूर्ख’ हा शब्द जिथे जिथे मी सांगितला तिथे तिथे आहे याची मी खात्री करून घेतली. मजकूर माझा आहे, खरा आहे, कोणाच्या दबावाने दिलेला नाही. वाचन चालू असताना दार उघडे होते आणि बाहेरच्या बाकापर्यंत आवाज जात होता. ते बंद करण्यास मी सांगितले नाही.

(सही) अ. वि. सोवनी
समक्ष : कॉन्स्टेबल शटलवर्थ, स्केलबी पोलीस ठाणे